पुढे केलेला हात

दादाच्या औषधांच्या डब्यातली फिकट पिवळी गोळी एके काळी कित्येक देशांच्या बाजारातून उठवली गेली होती. क्लोझापिन तिचं नाव. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी, वांडर नावाच्या कंपनीत, १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती तयार झाली. तोवरची स्किझोफ्रेनियाची औषधं घेतली की कानात येणारे भासाचे आवाज कमी होत, पण हातपाय ताठत आणि चेहऱ्यावरची रेष हलेनाशी होई. या गोळीनं तसं फारसं होईना. आज ज्यांना अटिपिकल म्हणतात त्या औषधांच्या घराण्यातली ही थोरली. मग १९७५ साली फिनलंडमध्ये ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि अंगात संसर्गाशी लढायला काही उरलं नाही म्हणून आठ जण दगावले.

ती परत आली ती १९८८ मधल्या एका अभ्यासामुळे. जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर औषधांना दाद न देणारे २६८ रुग्ण घेतले. सहा आठवड्यांत क्लोझापिनवरचे शंभरातले तीस सुधारले, जुन्या क्लोरप्रोमाझिनवरचे चार. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं परवानगी दिली, पण रक्त तपासत राहण्याच्या अटीवर. शंभरात तीस हा आकडा कुणाला लहान वाटेल. ज्या घरात दोन-तीन औषधं थकली आहेत आणि माणूस बंद खिडकीकडे पाठ करून बसला आहे, त्या घराला विचारावं तो केवढा मोठा असतो ते.

आमच्या डॉक्टरांनी क्रम घालून दिला. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, मग पंधरवड्यानं, वर्ष उलटलं की महिन्याला एकदा. सुरुवात साडेबारा मिलिग्रॅमनं, मग हळूहळू वर. रिपोर्टात बघायच्या त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. दीड हजाराच्या खाली गेल्या की त्याच दिवशी फोन. ताप आला, घसा धरला, तर क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही, आधी रक्त. पहिल्या काही आठवड्यांत छातीत दुखलं, धाप लागली, तरीही लगेच दवाखाना, कारण क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते.

या तपासण्यांचा पुष्कळांना जाच वाटतो. मला त्यात या औषधाची सगळ्यात मोलाची गोष्ट दिसते. पुण्यात शुभंकरांच्या बैठकीला, म्हणजे आमच्यासारख्या सांभाळणाऱ्या माणसांच्या गटात, जायला लागल्यापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकते आहे: गोळी कुटून वरणात कालवली, चहात विरघळवली. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं. त्याला दुसरी वाट दिसत नसते, आणि त्या हतबलतेला नावं ठेवायचा मला काय अधिकार? पण एक दिवस वरणाची चव कळते, आणि मग घरातल्या हातचं पाणीसुद्धा संशयाचं होतं. ज्या आजारात जेवणात विष घातल्याचा भास होतो, त्या आजारात जेवणात खरोखरच काहीतरी घालणं किती भयंकर आहे! क्लोझापिन असं चोरून देताच येत नाही. रक्त घ्यायला आजारी माणसाला हात स्वतः पुढे करावा लागतो. म्हणजे त्याच्याशी बोलावं लागतं. हे औषध कशासाठी, त्यात धोका काय, नको असेल तर दुसरं काय, हे सगळं मोकळेपणानं सांगावं लागतं. पहिल्यांदा सुई टोचली तेव्हा दादानं लॅबच्या मुलाला विचारलं, "यात तुम्ही काय शोधता?" त्या मुलानं सुई काढून कापूस दाबत त्याला पांढऱ्या पेशींबद्दल नीट, घाई न करता समजावलं. दादाला घरात नवीन माणूस खपत नसे. त्या मुलाची मात्र तो वाट बघू लागला.

रक्तापाठोपाठ दुसरा प्रश्न पोटाचा. "पोट साफ झालं का?" हा आईचा रोजचा सकाळचा प्रश्न आमच्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीइतकाच महत्त्वाचा ठरवला. क्लोझापिननं आतडी मंदावतात, प्रसंगी अडतात, आणि त्यानं माणसं गेलेली आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. दोन दिवस पोट साफ नाही, फुगलंय, उलटी होतेय, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. वजन, साखर, कोलेस्टेरॉल यांचीही नोंद असते. रात्री उशी लाळेनं भिजते. दादाला त्याची लाज वाटायची, म्हणून आईनं जास्तीचे अभ्रे शिवले आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आणि सिगारेट. दादानं मनावर घेऊन ती एकदम सोडली तेव्हा घरात सणासारखा आनंद होता. आठवड्याभरात तो जेवताना पेंगू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. तंबाखूच्या धुरानं यकृतातलं एक विकर चेततं आणि क्लोझापिन भराभर निपटलं जातं. धूर थांबला की तोच डोस अंगात जास्त साचतो. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नव्हे, त्यामुळे चुना लावून तंबाखू मळणाऱ्याला तो लागू नाही. डॉक्टरांनी डोस उतरवला आणि दादा पुन्हा टवटवीत झाला. सोडणं चांगलंच, पण आधी डॉक्टरांना सांगून. तसंच खंड पडण्याचं: दोन दिवसांहून जास्त गोळी चुकली तर जुना पूर्ण डोस आपल्या मनानं घ्यायचा नाही, डॉक्टर पुन्हा खालून चढवतात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ मध्ये आला, तेव्हा मराठी घरांना शेष नावाच्या माणसाचं मन आतून दिसलं आणि त्याच्या बहिणीची फरफटही. बहीण म्हणून मला त्यानंतर वाटत राहिलं की पहारा हेच माझं काम. गोळी जिभेखाली लपवली नाही ना, रात्री कुणाशी बोलतोय, हसला तो कशाला. दादाचे आवाज पूर्ण गेलेले नाहीत. "पूर्वी ते माझ्या खोलीत ओरडायचे," असं तो सांगतो, "आता शेजारच्या घरात बोलतात." तो ग्रंथालयात दुपारची पाळी करतो, पुस्तकांना कव्हरं घालतो, परत आलेली पुस्तकं जागेवर लावतो.

डॉक्टरांच्या मागच्या भेटीत दादा स्वतःची वही घेऊन गेला होता. सकाळी डोकं जड राहतं, सकाळची पाळी मिळाली तर हवी आहे, म्हणून डोस थोडा कमी होईल का, असं त्यानं विचारलं. मी घाबरून तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरांनी मला हातानं थांबवलं आणि त्याच्याकडे वळून विचारलं, आवाज वाढले तर ओळखाल कसे? दादानं वहीतलं वाचून दाखवलं: आधी झोप उडते, मग रस्त्यावरचे लोक माझ्याकडे बघतायत असं वाटतं, मग आवाज येतात. पंचवीस मिलिग्रॅम उतरवून बघायचं ठरलं. रक्त ठरल्या तारखेला. झोपेची नोंद तोच ठेवणार. रिक्षात बसल्यावर त्यानं मला बजावलं, "झोप उडाली की मी तुला सांगेन. पण तोवर तू सारखी माझ्या तोंडाकडे बघत बसायचं नाहीस."

मी बरं म्हटलं. ते पाळणं मला जड जातंय, पण पाळते आहे.