आत जागा नसते तेव्हा

उजव्या हाताचा अंगठा अलीकडे बारीक थरथरतो. नवजात बाळाच्या महाधमनीवर टाका घालताना तेवढी थरथरही घातक, म्हणून यंदा मी टेबलाच्या पलीकडे, सहायकाच्या जागी गेलो. माझ्या जागी माझी विद्यार्थिनी उभी राहिली, आणि तिच्यापुढे पहिलीच अवघड केस आली ती छातीबाहेर हृदय असलेल्या बाळाची.

दहा लाख जन्मांमागे अशी पाच ते आठ बाळं. छातीचं मधलं हाड दुभंगलेलं, हृदय उघड्यावर धडधडतंय आणि त्याचं टोक हनुवटीकडे. बघणाऱ्याला वाटतं, आत सारलं की झालं. तसं होत नाही. ते हृदय छातीत कधी राहिलेलंच नसतं, त्यामुळे तिथे त्याच्यापुरती जागाही झालेली नसते. दाबलं की मोठ्या रक्तवाहिन्या मुडपतात, मॉनिटरवरचं प्रेशर कोसळतं. बोट उचललं की पुन्हा चढतं. त्या शेवटच्या सेंटिमीटरने मला आयुष्यभर छळलं. कोन बदलून पाहिला, बरगड्या बाजूला सारल्या, छाती-पोटामधला पडदा खाली सोडवून घेतला. आकडा पडायचा तो पडायचाच. त्यात हृदयाच्या आतही बहुधा दोष असतात, कप्प्यांमध्ये भोक किंवा फॅलोचा चौपदरी दोष. असं हृदय दाब मुळीच सोसत नाही.

फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात एव्हरेट कूप यांनी १९७५ मध्ये असं बाळ वाचवलं, तेव्हा आधी हृदयावर नुसती कातडी ओढून घेतली होती, बाकीचं पुढे. लेस्टरला २०१७ मध्ये जन्मलेल्या मुलीची छाती तीन टप्प्यांत बंद झाली आणि मधल्या दिवसांत हृदय स्वतःच्या वजनाने हळूहळू आत उतरलं. हे सगळं मी वर्गात शिकवत आलो. तरी टेबलावर मला एकाच बैठकीत बंद झालेली, सरळ टाक्यांची छाती हवी असायची. त्या हव्यासात बाळाच्या हितापेक्षा बघायला जमलेल्यांच्या कौतुकाचा वाटा मोठा होता.

तिने कातडी सोडवली, हृदयावर सैल ओढली आणि म्हणाली, "सर, इथेच थांबते." हृदय अजून निम्मं वरच होतं. माझी बोटं आपोआप पुढे सरकली. तिने मान वर केली नाही. प्रेशर स्थिर होतं. मला राग आला, कारण निर्णय अचूक होता आणि तो माझा नव्हता.

आता अशा केसचे व्हिडिओ त्याच संध्याकाळी फिरतात. महिन्याने बाळाचं काय झालं, ते कोणी सांगत नाही. हृदय पूर्ण उघड्यावर असलेली बहुतेक बाळं आजही दगावतात. ज्याला कॅमेऱ्यासमोर उभं राहायची घाई असते, त्याच्या हाती मी असं बाळ देणार नाही. माझ्या उमेदीच्या वर्षांतल्या मलाही दिलं नसतं.

आमचं बाळ व्हेंटिलेटरवरून निघालं आहे. हाडाचं काम बाकी आहे, तेही तीच करील.

तालुक्याच्या दवाखान्यात प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आणि सिस्टरना एकच विनंती. असं बाळ जन्मलं तर हृदयावर कोमट सलाईनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉज ठेवा, वरून स्वच्छ प्लॅस्टिक गुंडाळा, बाळ ऊबदार ठेवा आणि लगेच मोठ्या केंद्राकडे पाठवा. हृदय आत ढकलू नका.