पाणी आणि पानी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘विद्यालयातील एखादी हृद्य आठवण’ लिहावी, असे सुचविले होते. अशा आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या इतर सहकारी लिहितीलच. मी मात्र येथे माझ्या एका चुकीची नोंद करणार आहे. इतरांच्या चुकांचे पुरावे आयुष्यभर शिकविणाऱ्या इतिहासाच्या शिक्षिकेने स्वतःचा पुरावा लपविणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वीचा २० मार्च. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा स्मृतिदिन. त्रिशरण-पंचशील झाले आणि सातवीतील एक मुलगी बोलण्यासाठी उभी राहिली. तिचे आईवडील पाथर्डीकडचे. दर हंगामात टोळीबरोबर आपल्या प्रवराकाठच्या पट्ट्यात ऊसतोडीला येणारे. मुलगी आपल्या वसतिगृहात राहिली म्हणूनच तिची शाळा टिकली. त्या वर्षी मराठीच्या निबंधात तिने लिहिले होते, ‘मी परदेशात जाऊन रेडिओवर बोलणार आहे.’ फडावरच्या कोपीत संध्याकाळी रेडिओ लागे, एवढीच त्या स्वप्नाची पार्श्वभूमी होती.

माईकसमोर ती न अडखळता बोलत होती. “बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आनि त्यांनी ओंजळीत पानी घेतलं...” मी जागेवरूनच म्हणाले, “पानी नव्हे, पाणी.” मुले हसली. ती पुन्हा ‘पानी’ म्हणाली. मी पुन्हा टोकले. तिसऱ्यांदा तो शब्द आला तेव्हा तिने वाक्य अर्ध्यावर सोडले आणि खाली बसली. दहावी होईपर्यंत ती पुन्हा कधी माईकसमोर आली नाही.

१९२७ साली बाबासाहेब त्या तळ्याचे पाणी प्यायले, त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, हे मी दरवर्षी वर्गात तावातावाने सांगते. त्याच पाण्याची गोष्ट सांगणाऱ्या मुलीच्या तोंडचा शब्द मी भरसभेत शुद्ध करीत होते. त्या दिवशी मला त्यात काहीही वावगे वाटले नाही.

तसे का वाटले नाही, याचे उत्तर माझ्याच तरुणपणात आहे. पदवी झाल्यावर मी एका नभोवाणी केंद्रात निवेदिकेच्या आवाज चाचणीला गेले होते. काचेपलीकडून वाचन ऐकणारे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, “आवाज चांगला आहे, पण उच्चार घरचे आहेत.” त्या ‘घरचे’ या शब्दाचा अर्थ मला नीट कळला. आम्ही कोणत्या वस्तीतून आलो, हे माझ्या ‘न’ आणि ‘ण’ने सांगून टाकले होते. पुढे एम. ए. करताना मी इतिहासाइतकाच ‘ण’चाही अभ्यास केला. ज्या छडीचा वळ माझ्या अंगावर होता, तीच छडी मी नकळत हातात घेतली होती.

हे मला उमगले ते एका जुन्या छायाचित्रामुळे. १९४२ मधील लंडन, बीबीसीचा स्टुडिओ. मध्यभागी माईक. भोवती कवी टी. एस. इलियट, लेखक मुल्कराज आनंद आणि इतर काही जण. मागे उभा जॉर्ज ऑर्वेल. या मंडळींत एक भारतीय तरुणी बसली आहे. तिचे नाव वेणू चितळे.

वेणू चितळे १९१२ साली कोल्हापूर भागातील शिरोळ येथे जन्मल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या. मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीच्या अभ्यासासाठी त्या १९३४ च्या सुमारास लंडनला गेल्या. महायुद्ध सुरू झाले आणि १९४० मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, त्या बीबीसीत दाखल झाल्या. तो लंडनवरील बॉम्बवर्षावाचा काळ. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात खुद्द बीबीसीच्या मुख्य इमारतीवर बॉम्ब पडून सात कर्मचारी मृत्युमुखी पडले. अशा शहरातून त्या हिंदुस्थानसाठीच्या पूर्व सेवेत बोलत. पुढे ऑर्वेल तेथे निर्माता म्हणून आला. त्याने इंग्रजीत लिहिलेली साप्ताहिक वार्तापत्रे भाषांतरित होऊन मराठीतूनही प्रसारित होत. इंग्लंडमधील श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमांतही वेणूताईंचा आवाज ऐकू येई.

हे काम दिसते तितके मोकळे नव्हते. प्रत्येक संहिता प्रसारणापूर्वी तपासनिसांच्या हाताखालून जाई. लिहिलेल्यापलीकडे शब्द गेला, तर प्रक्षेपण तोडण्यासाठी एक माणूस कळीपाशी बसलेला असे. मूळ हेतू हिंदी जनतेला ब्रिटिशांच्या बाजूने राखण्याचा होता. वेणूताईंचे मन मात्र स्वातंत्र्याच्या बाजूचे होते आणि कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशी त्यांचा संबंध होता. दुसऱ्याच्या माईकवरून बोलताना आपले मन शाबूत कसे ठेवावे, हा प्रश्न त्यांनाही पडलाच असेल.

त्याच छायाचित्रात इलियटशेजारी एक कृष्णवर्णीय स्त्री बसली आहे. ती जमैकाची कवयित्री ऊना मार्सन, बीबीसीची पहिली कृष्णवर्णीय महिला निर्माती. युद्धात उतरलेल्या वेस्ट इंडीजच्या सैनिकांचे निरोप त्यांच्या घरी पोहोचविणारा कार्यक्रम ती करीत असे. गुलामांच्या वंशजांचा आवाज, त्यांच्याच लकबीसह, साम्राज्याच्या राजधानीतून समुद्रापार जात होता.

हे छायाचित्र मी बराच वेळ पाहत राहिले. लंडनच्या माईकसमोर शिरोळ आणि जमैका दोघींना जागा मिळाली. माझ्या माईकसमोर पाथर्डीला मिळाली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. वेणूताईंचे धाडस मोठेच होते; पण हुजूरपागेपर्यंतची वाट त्यांच्यासाठी खुली होती. आपल्या मुलींजवळ धाडस कमी नव्हते. १८५५ साली सावित्रीबाई व जोतीरावांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे पत्र १८४२ मध्ये आपल्या अहमदनगरलाच सुरू झाले होते. लेखणी एवढ्या लवकर हाती आली, तरी माईक हाती यायला मात्र फार काळ लागला.

बाबासाहेबांनी या यंत्राचे मोल ओळखले होते. वेणूताई लंडनहून बोलत होत्या, त्याच १९४२ मध्ये मजूरमंत्री झालेल्या बाबासाहेबांनी मुंबई केंद्रावरून कामगार आणि महायुद्ध या विषयावर भाषण केले. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचे सांगितले. मे १९५६ मध्ये बीबीसीवरून, आपल्याला बौद्ध धम्म का प्रिय वाटतो, हे त्यांनी जगाला सांगितले. त्यानंतर पाच महिन्यांनी नागपूरला धम्मक्रांती झाली. ज्यांची सावली विटाळ मानली गेली, त्यांचा आवाज परवानगी न विचारता घराघरांत शिरला.

आज वाट थोडी रुंदावली आहे. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालविता येतो. तेलंगणात झहीराबादजवळ २००८ मध्ये सुरू झालेले ‘संघम रेडिओ’ दलित शेतकरी स्त्रिया चालवितात आणि आपल्या घरच्याच तेलुगूत बोलतात. तेथे त्यांचे उच्चार ‘घरचे’ आहेत, म्हणूनच तो रेडिओ त्यांचा आहे.

प्रमाण भाषा शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. परीक्षेत, मुलाखतीत ती लागते. आमच्या मुलांना ती आलीच पाहिजे. पण ती शिकविण्याची एक जागा असते आणि एक वेळ असते. अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा म्हणजे सत्य, मृदू आणि हितकर बोलणे. त्यात ‘ण’ची अट नाही. त्या दिवशी ती मुलगी सम्यक बोलत होती. चुकत होते ते मी.

आता रोज सकाळी वंदनेनंतर एक विद्यार्थी ध्वनिक्षेपकावरून पाच मिनिटे बातम्या वाचतो. संहिता तो स्वतः लिहितो. उच्चारांची तयारी आदल्या संध्याकाळी, आम्ही दोघेच असताना होते. माईक सुरू झाल्यावर कोणीही टोकायचे नाही, हा नियम प्रथम मला लागू आहे.

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्याला ती आली होती. आता ती पुण्यात परिचारिका आहे. मी तिला बाजूला घेऊन त्या २० मार्चबद्दल क्षमा मागितली. ती गोंधळली. म्हणाली, “मॅडम, तुमची काय चूक? मलाच बोलता येत नव्हतं ना.” इतकी वर्षे ती हेच खरे मानत आली होती. तिचे हे वाक्य त्या दिवसाच्या हशापेक्षा मला जड गेले. तिला खूप बोलता येत होते, हे मी तिला सांगितले. तिला ते पटले की नाही, मला सांगता येणार नाही.

पालकांनो, शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या घरातले, वर्गातले मूल उद्या लंडनच्या रेडिओवर बोलायचे म्हणाले, तर हसू नका. आधी त्याचे वाक्य पूर्ण होऊ द्या.

नमो बुद्धाय. जयभीम.