सोनखत

मानवी मैल्यापासून तयार होणाऱ्या खताला मराठीने 'सोनखत' असे नाव दिले. ज्याकडे पाहून नाक मुरडावे, त्याला सोन्याच्या पंक्तीस बसविणाऱ्या भाषेला शेतीचे मर्म ठाऊक होते. मात्र हे सोने डोक्यावरून वाहून नेण्याचे काम समाजाने काही जातींच्याच माथी मारले, हेही त्या शब्दाच्या पोटात दडलेले आहे. तेव्हा गतकाळाचे गोडवे गाण्यासाठी मी तो उकरून काढलेला नाही.

आज मैला भुयारी गटारातून शुद्धीकरण केंद्रात जातो. पाणी निवळून पुढे जाते आणि मागे गाळ उरतो. या गाळात नत्र आहे, सेंद्रिय द्रव्य आहे आणि ज्याच्यासाठी आपला देश मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे ते स्फुरदही आहे. मग तो शेतात का पोहोचत नाही?

पहिली अडचण जंतूंची. तिच्यावर आमच्या बडोद्यातच उपाय शोधला गेला. गाजरावाडीच्या केंद्रात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने, कोबाल्टच्या गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करण्याचा प्रकल्प १९९० च्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. पुढे २०१९ मध्ये अहमदाबादेस दररोज १०० टन सुका गाळ हाताळण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. 'अणु' हा शब्द ऐकताच लोक दचकतात. परंतु क्ष-किरणांनी छायाचित्र काढल्यावर माणूस जसा किरणोत्सर्गी होत नाही, तसा हा गाळही होत नाही.

शासकीय सेवेत असताना डभोई तालुक्यातील एका गावी मी हे सारे सभेत समजावून सांगितले. किळस हाच अडथळा असणार, अशी आम्हा अधिकाऱ्यांची समजूत होती. एक वृद्ध पाटीदार शांतपणे म्हणाले, "साहेब, घाणीचे आम्हाला काय? आमचा जन्म शेणात गेला. पण शहराने या गटारात काय काय ओतले, ते कोण लिहून देणार?" सभेत कोणापाशीच उत्तर नव्हते.

त्या प्रश्नातच दुसरी, नियमांची अडचण सामावलेली आहे. किरणांनी जंतू मरतात. शिसे, कॅडमियम, पारा जागच्या जागी राहतात. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी घातलेली मर्यादा किलोमागे कॅडमियम ५, शिसे १०० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम अशी आहे. मुलामा देणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याने रात्री आपले पाणी गटारात सोडले, तर साऱ्या शहराचा गाळ या कसोटीस उतरेनासा होऊ शकतो. नियम कठोर आहे म्हणून कुरकुरणारे अधिकारी मी पाहिले आहेत. परंतु अमेरिकेतील मेन राज्याचा अनुभव पाहावा. तेथे गाळ पसरलेल्या शेतांत आणि विहिरींत वर्षानुवर्षे न विरणारी फ्लोरिनयुक्त रसायने आढळली, आणि २०२२ साली असा वापरच कायद्याने बंद करावा लागला. बिघडलेली जमीन पूर्ववत करणारे किरण अद्याप कोणाला सापडलेले नाहीत.

म्हणून मला वाटते, नियम सैल करणे किंवा शेतकऱ्याला 'अडाणी' ठरवून प्रबोधन करणे, हे दोन्ही मार्ग फसवे आहेत. पहारा गटाराच्या शेवटी नव्हे, आरंभी हवा. हे अशक्य नाही. बडोद्याच्या परिसरातील मोठ्या कारखान्यांचे पाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या स्वतंत्र कालव्याने खंभातच्या आखाताकडे नेले जाते. त्या पाण्याने समुद्राचे काय होते, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. परंतु घरांचे आणि कारखान्यांचे पाणी निराळे ठेवता येते, एवढे त्यातून सिद्ध होते. तीच शिस्त गल्लीबोळांतल्या लहान कारखान्यांना लागावी, आणि गाळाच्या प्रत्येक पोत्यावर तपासणीचे आकडे व जबाबदार अधिकाऱ्याचे नाव छापलेले असावे.

सोने घेताना आपणही सराफाकडे कस पाहूनच घेतो. सोनखत घेणाऱ्याला तो हक्क का नसावा?