कळले नाही तर विचारावे

यंदा इंग्रजीच्या तासाला ‘पिग्मॅलियन’ शिकवताना सरांनी विचारले, “हे नाटक रंगभूमीवर पहिल्यांदा कोणत्या भाषेत आले?” आम्ही एका सुरात ओरडलो, “इंग्रजीत!” सर हसले. पु. लं.च्या ‘ती फुलराणी’मुळे आपल्या ओळखीचे झालेले बर्नार्ड शॉचे हे नाटक प्रथम झाले ते १६ ऑक्टोबर १९१३ रोजी व्हिएन्नाला, आणि तेही जर्मनमध्ये! लंडनला ते १९१४ च्या एप्रिलमध्ये आले. जर्मन अनुवाद केला होता सीगफ्रीड ट्रेबिट्श यांनी.

शॉने ट्रेबिट्शला लिहिलेल्या पत्रांचा ग्रंथ १९८६ साली निघाला. सरांनी तो मला वाचायला दिला. शब्दकोश उशाशी घेऊन मी तो वाचला.

१९०२ साली हा तरुण व्हिएन्नाहून लंडनला शॉकडे गेला आणि तुमची नाटके जर्मनमध्ये आणतो म्हणाला. पुढच्याच वर्षी तीन नाटके छापून निघाली. पण त्याचे इंग्रजी बेताचेच होते. टीकाकारांनी त्याच्या चुका चव्हाट्यावर मांडल्या. शॉनेही त्या पाहिल्या. पत्रांतून त्याने एकेक चूक दाखवली, वाक्प्रचार फोडून सांगितले, चेष्टाही केली. पण अनुवादक मात्र बदलला नाही. हा पत्रव्यवहार जवळजवळ अर्धशतक चालला.

पुढे शॉने ट्रेबिट्शचे एक नाटक इंग्रजीत आणले. तेव्हा त्याने आपल्याला जर्मन फारसे येत नाही हे उघडपणे कबूल केले. एवढा मोठा नाटककार, पण त्याला त्यात कमीपणा वाटला नाही.

इथे मी पुस्तक मिटले. मला आमच्या घरातला अनुवादक आठवला. तो अनुवादक म्हणजे मीच.

आमच्या घरात कागद वाचणारा मी पहिलाच. दहावीत असताना पीककर्जाची इंग्रजी नोटीस आली. कंदिलाजवळ बसून अण्णांनी विचारले, “काय लिवलंय रं?” मला निम्मे शब्द कळले नव्हते. पण इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलाला कळत नाही असे कसे सांगायचे? मी म्हणालो, “काही नाही, नेहमीचंच आहे.” नोटिशीत पैसे भरण्याची शेवटची तारीख होती. ती टळली आणि व्याजाची सवलत गेली. ते जादा व्याज भरायला आईने दुभती शेळी विकली.

अण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “कळलं न्हाई तर इचारायचं हुतं की लेकरा. मास्तर काय लांब हुतं?”

ते वाक्य तेव्हा मला बोचले होते. त्याचा अर्थ कळला तो यंदा, शॉची पत्रे वाचताना. अर्धवट येण्याची लाज नसते. अर्धवट येते हे लपवले की दुसऱ्याचे नुकसान होते. ट्रेबिट्शच्या चुका पत्रांतून निस्तरल्या गेल्या, कारण दोघांमध्ये पत्रांची वाट मोकळी होती. मी ती वाट स्वतःच्या हाताने बंद केली होती.

आता वर्गात एखादा शब्द अडला की मी हात वर करतो. मागच्या बाकावरून कोणी हसते. हसू दे. अण्णांची शेळी त्यांना कुठे माहीत आहे?