आग्रह

2018 साली अभ्यासाच्या निमित्ताने बेल्जियममधील लूव्हन या विद्यापीठनगरीत काही महिने राहण्याचा योग आला. कुष्ठरोग्यांचे सेवक संत डॅमियन यांचे अवशेष जेथे विसावले आहेत, ते संत अंतोनीचे चर्च याच शहरात आहे. माझ्या निवासाजवळच्या एका चर्चमध्ये मी अधूनमधून सकाळची मिस्सा अर्पण करीत असे. त्या चर्चची देखभाल पाहणारे एक निवृत्त शिक्षक एके दिवशी मला म्हणाले, "फादर, आमच्या देशातले मठ तुम्ही पुस्तकांतून पाहिलेत. आज संध्याकाळी ते पेल्यातून पाहा."

मी घुटमळलो. वसईकडच्या आमच्या धर्मग्रामात फादर मद्यगृहात शिरताना दिसले, तर दुसऱ्या दिवशीची मिस्सा संपायच्या आत ती वार्ता चार आळ्यांत पोहोचेल! परंतु त्या वृद्धाच्या निमंत्रणात इतका निर्मळ जिव्हाळा होता, की मी निघालो.

गल्लीच्या कोपऱ्यावरचे ते मद्यगृह पाहून माझी पहिली कल्पना गळून पडली. बुटके छत, लाकडी मेजे, एका कोपऱ्यात पत्ते खेळणाऱ्या दोन आजीबाई, दुसरीकडे वही उघडून बसलेला विद्यार्थी. आवाज होता, पण आरडाओरडा नव्हता. आमच्या मेजावर शिक्षकांचे दोन स्नेही आधीच येऊन बसले होते.

प्रथम वेस्टमाल मठाची गडद तपकिरी 'डुबेल' आली. सात टक्के मद्यार्क असलेली ती बिअर शिक्षकांनी बाटली हळुवार तिरपी करून ओतली आणि तळाशी बसलेला यीस्टचा गाळ बाटलीतच राहू दिला. खजूर आणि किंचित करपलेला गूळ यांची आठवण करून देणारी ती चव होती. मागोमाग त्याच मठाची सोनेरी 'ट्रिपेल' आली. साडेनऊ टक्क्यांची असूनही जिभेला ती हलकी वाटते, आणि म्हणूनच तिच्याशी जपून वागावे लागते. शेवटी ओर्व्हालची तांबूस, कडवट बिअर. प्रत्येकीचा पेला निराळा. काही तर आपल्या वेदीवरील कॅलिससारखे. एकेक बाटली आम्ही वाटून घेत होतो.

वेस्टमालचे व्रतस्थ 1836 पासून बिअर गाळीत आले आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीत उद्ध्वस्त झालेला ओर्व्हालचा मठ विसाव्या शतकात पुन्हा उभा राहू लागला, तेव्हा त्या बांधकामाला हातभार म्हणून 1931 साली तेथे बिअरचा कारखाना काढण्यात आला. 'ट्रॅपिस्ट' हे चिन्ह मिळवायचे, तर उत्पादन मठाच्या परिसरातच आणि व्रतस्थांच्या देखरेखीखाली व्हावे लागते. चरितार्थ भागवून उरलेली मिळकत परोपकारासाठी वापरावी लागते. हे सारे ऐकताना सेमिनरीत अभ्यासलेला संत बेनेडिक्टांचा नियम आठवला. त्याच्या चाळिसाव्या प्रकरणात ते व्रतस्थांना रोजचा माफक द्राक्षारस मंजूर करतात, तोही काहीशा नाराजीनेच. आणि ज्यांना त्याविना राहण्याचे बळ देवाने दिले आहे, त्यांना खास पारितोषिक मिळेल, असे सांगतात.

तेवढ्यात माझे लक्ष समोरच्या गृहस्थांकडे गेले. त्यांच्यापुढे कॉफीचा कप होता. मालकिणीने तो न विचारताच आणून ठेवला होता. मी सौजन्याने विचारले, "आपण घेत नाही?"

ते हसले. "घेत होतो, फादर. फार घेत होतो. आता नऊ वर्षे झाली."

"मग इथे येता, त्रास होत नाही?"

"पहिली दोन वर्षे मी आलो नाही. तेव्हा हे दोघे दर गुरुवारी माझ्या घरी कॉफी प्यायला येत."

संभाषण पुढे सरकले, पण मी तेथेच थबकलो. त्या संध्याकाळी त्यांना एकदाही कोणी 'थोडीशी घ्या हो' म्हटले नाही.

मला आमच्या गावातील एक लग्न आठवले. आमच्या धर्मग्रामातील एका तरुण बापाने अकरा महिने दारूला स्पर्श केला नव्हता. मांडवात त्याच्या हाती पेला देण्यात आला. तो 'नको' म्हणाला. "लग्नघरी नाही म्हणायचं नसतं", "एकाने काय होतंय?", "आमचा मान ठेव" असे तीनदा झाले. चौथ्यांदा त्याने पेला घेतला. मी पाच हातांवर, पाहुण्यांच्या मेजावर बसलो होतो. मी ते पाहिले, आणि यजमानांचा विरस नको म्हणून नजर वळवली. दोन वर्षांनी त्याचा अंत्यविधी मीच केला. दारूविरुद्ध मी किती प्रवचने दिली असतील! पण ज्या क्षणी पाच हात चालत जायचे होते, त्या क्षणी मी उठलो नाही.

आग्रह हे आपल्या आतिथ्याचे भूषण आहे. पानात एक पोळी अधिक वाढली, तर फार तर पोट जड होते. मद्याचा आग्रह मात्र एखाद्याचे घर बुडवू शकतो. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे पवित्र मरियेच्या ध्यानात आले, कारण यजमानांची अडचण तिने पाहिली होती. आपल्या मांडवात पेला नको असलेल्याची अडचण कोण पाहतो?

परतल्यावर मी त्या तरुणाच्या पत्नीकडे गेलो आणि माझी चूक कबूल केली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, मीपण तिथंच होते. चार माणसांत कशी बोलणार?"

आता लग्नाआधी दोन्ही घरची माणसे भेटायला येतात, तेव्हा मी एक विनंती करतो: जो 'नको' म्हणेल त्याला दुसऱ्यांदा विचारू नका, आणि सरबत त्याच मेजावर ठेवा. काही हसतात, काही मानतात. मांडवात मी स्वतः सरबताचा पेला घेतो आणि जो एकटा बसला असेल, त्याच्या शेजारी जाऊन बसतो.