आक्काचे ग्रीन कार्ड

साताऱ्याच्या कोर्टात चाळीस वर्षे वकिली करून मी घरी बसलो, तेव्हा कायद्याचा आणि माझा संबंध संपला अशी माझी समजूत होती. वाटपाचे दावे, कुळकायदा आणि बांधांची भांडणे यांतच सारी उमेद गेलेली. पण आज स्थिती अशी आहे की, लग्नात पंगतीला बसलो की शेजारचे गृहस्थ जिलबी पानात पडायच्या आत विचारतात, "वकीलसाहेब, ग्रीन कार्ड असलं म्हणजे इकडं किती दिवस राहता येतं हो?" सांगलीचे लग्न असेल तर असे तीन गृहस्थ भेटतात, साताऱ्याचे असेल तर दोन. मी तिकडचा वकील नव्हे, आपले कागद तिकडच्या वकिलाला दाखवा, असे मी प्रत्येकाला सांगतो. ते मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न विचारतात.

ही ख्याती मला मिळाली ती आमच्या आक्कामुळे.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लग्न होऊन सांगलीला गावभागात गेली आणि तिथलीच झाली. तिचा एकुलता एक मुलगा श्रीकांत विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजातून इंजिनियर झाला आणि १९९६ साली अमेरिकेला गेला. आधी नोकरीचा व्हिसा, मग ग्रीन कार्ड, मग नागरिकत्व, अशा पायऱ्या चढत तो तिकडचा झाला. दाजी २०१४ साली गेले. आक्का त्या जुन्या घरात एकटी राहिली. दोन वर्षांनी श्रीकांतचा मला फोन आला, "मामा, आईला इकडे आणतो. कागदपत्रांचे तेवढे तुम्ही बघा."

मला वाटले, आता दहा-पंधरा वर्षांची निश्चिंती. पण नागरिकाचे आईबाप, नवराबायको आणि लहान मुले यांना त्या कायद्यात रांग नाही. मुलगा नागरिक असावा, एकवीस वर्षांचा असावा, आईचा भार आपण सोसू असे हमीपत्र त्याने द्यावे, म्हणजे पुरे. रांग आहे ती भावंडांना. अमेरिकेतल्या भावाने इकडच्या भावासाठी केलेल्या अर्जांपैकी २०२४ च्या अखेरीस २००६ सालच्या अर्जांचा नंबर चालू होता. अठरा वर्षे! अर्ज केला तेव्हा आठ वर्षांचा असलेला पोरगा नंबर येईतो सव्वीस वर्षांचा होतो आणि एकवीस उलटल्यामुळे यादीतून गळतो. ज्याच्या भविष्यासाठी अर्ज केला तोच मागे राहतो. वयातून काही काळ वजा करण्याची सवलत २००२ सालच्या कायद्याने दिली आहे, पण इतकी वर्षे तिच्यात बसत नाहीत. एकाच पोटचे हे नाते, पण कायद्याने आईला दारातून आत घेतले आणि भावाला ओसरीवर बसवले.

तेव्हा रांग नव्हती. होते ते कागद, आणि त्या कागदांनी मला कुळकायद्याची आठवण करून दिली.

पहिला प्रश्न, जन्म केव्हा झाला? आक्काच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख आहे १ जून १९४५. वाचकांपैकी जे सत्तरीच्या पुढचे असतील त्यांना मी अधिक सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. बापाने पोर पुढे उभे करायचे, गुरुजींनी अंदाजाने वय विचारायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. एक अख्खी पिढी अशी एका दिवशी जन्मली. आई सांगे त्याप्रमाणे आक्का झाली ती आषाढातल्या मुसळधार पावसात, म्हणजे गुरुजींनी तिला महिनाभर आधीच जगात आणले होते. पण आषाढाला दाखला नव्हता, गुरुजींना होता. गुरुजी जिंकले.

दुसरा प्रश्न, जन्म कोठे झाला? आक्काचा जन्म औंधचा. आमचे वडील तिथे शिक्षक होते. १९४५ साली औंध हे स्वतंत्र संस्थान. सासर सांगलीचे, तेही संस्थान. दोन्ही १९४८ साली विलीन झाली. पुढच्या वर्षी साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे १९५३ साली तासगावात जन्मलेल्या माणसाच्या दाखल्यावर 'जिल्हा दक्षिण सातारा' असते आणि त्याच्या पासपोर्टावर 'सांगली'. गाव तसूभर हललेले नाही, जिल्हा मात्र बदलला. असे एक टिपण इंग्रजीत करून मी ठेवले आहे. ते आतापर्यंत पाच घरांनी नेले.

आक्काच्या जन्माची नोंद दप्तरात मिळाली नाही. अशा वेळी 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा आणि त्याला शाळेचा दाखला व जाणत्या माणसांची प्रतिज्ञापत्रे जोडायची. आपल्याकडे जन्ममृत्यू नोंदणीचा एकसारखा कायदा १९६९ चा, अंमल १९७० पासून. त्याआधी जन्मलेल्यांचा असा दाखला तिकडे चालतो. अडचण एवढीच की, बहात्तर वर्षांच्या बाईचा जन्म ज्याला आठवतो तो माणूस नव्वदीच्या घरात असावा लागतो. आमच्या सुदैवाने एक मावशी होती. तिने अंगठा न लावता सही केली आणि वर मला विचारले, "ती जन्मली नसती तर अमेरिकेला निघाली कशी असती रे?"

तिसरा प्रश्न नावाचा. माहेरची कुसुम, सासरची सुमती. नाव बदलले, मधले नाव बदलले, आडनाव बदलले. फॉर्मवर एक रकाना असतो, यापूर्वी वापरलेली अन्य नावे कोणती? तो रकाना बहुधा फरारी गुन्हेगार डोळ्यांपुढे ठेवून केलेला असावा. आमच्याकडे प्रत्येक सासुरवाशीण त्यात बसते.

एवढे सोपस्कार होऊन २०१८ च्या जानेवारीत मुंबईला मुलाखत झाली आणि मार्चात आक्का विमानात बसली.

वर्षभर राहिली. नातवंडे, बाग, देऊळ, सगळे छान होते असे ती म्हणे. पण २०१९ च्या एप्रिल अखेरीस ती परत आली. पावसाळ्यापूर्वी घराची कौले चाळायची होती. त्या ऑगस्टात कृष्णा आली. आयर्विन पुलाखाली पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी, पाणी गेले सत्तावन्न फुटांच्या वर. आक्काला नावेतून काढले. लोणच्याच्या बरण्या तिने सोडल्या, कागदांची पिशवी सोडली नाही. साताऱ्याला आमच्या ओसरीवर तो पासपोर्ट आणि ते कार्ड चार दिवस पंख्याखाली वाळत होते.

आता त्या कार्डाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यासंबंधी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. सहा महिन्यांनी एकदा जाऊन पाय लावून आले की कार्ड जिवंत राहते, असे लोक समजतात. ग्रीन कार्ड ही मालकी नव्हे, ती वहिवाट आहे. कुळकायद्यात कसेल त्याची जमीन, तसे येथे राहील त्याचे कार्ड. तुमचे कायमचे घर तिकडे आहे की नाही, हे ते पाहतात. वर्षाच्या आत परतलात तर कार्ड दाखवून आत शिरता येते, पण अधिकाऱ्याला शंका आली तर तो त्यापूर्वीही विचारू शकतो. वर्षाहून अधिक बाहेर राहायचे असेल तर निघण्यापूर्वी तिकडूनच परतीचा परवाना मागावा लागतो. तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. आक्का दोन-तीन महिन्यांसाठी आली होती, तिने तो मागितला नव्हता.

पुरानंतर घराच्या भिंती वाळवण्यात हिवाळा गेला. श्रीकांतने ९ एप्रिल २०२० चे तिकीट काढले. वर्ष भरायला तीन आठवडे शिल्लक होते. २२ मार्चला विमाने बंद झाली. पुढे काही सुरू झाली, पण पंच्याहत्तरीच्या बाईने त्या करोनाच्या दिवसांत एकटीने प्रवास करू नये, असे श्रीकांतच म्हणाला. वर्ष उलटले, मग दुसरे.

अशा माणसासाठीही वाट आहे. परतणाऱ्या रहिवाशाचा म्हणून एक वेगळा व्हिसा असतो. निघताना कार्ड होते, परत जाण्याचा हेतू होता आणि तो कायम राहिला, आणि लांबलेला मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला, एवढे दाखवायचे. मी कागद जुळवले. पुराचा पंचनामा, रद्द झालेले तिकीट, विमानबंदीचा हुकूम. खरे सांगतो, चाळीस वर्षांत इतका भक्कम दावा माझ्या हाती आला नव्हता. मी सांगलीला गेलो आणि आक्काला सर्व वाचून दाखवले.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "ते मधले पुन्हा वाच."

"परत जाण्याचा हेतू कायम राहिला."

"अरे, तिकीट श्रीकांतने काढले होते. माझ्या मनात जायचे होते का, असे त्यांनी विचारले तर काय सांगू?"

मी म्हणालो, "आक्का, हेतू हा कृतीवरून ठरतो. तिकीट ही कृती. मनात काय होते ते कोर्ट उघडून बघत नाही."

"तू बघत नसशील. शपथेवर मला सांगायचे आहे."

मी त्या रात्री तिला सखाराम गणेश पंडितांची गोष्ट सांगितली. नाव अगदी आपल्याकडचे, जन्म अहमदाबादचा. हे गृहस्थ अमेरिकेत वकील झाले आणि १९१४ साली नागरिकही झाले. भगतसिंग थिंड यांचा खटला तिकडच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनीच लढवला. १९२३ साली निकाल विरुद्ध गेला. हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नव्हे, सबब नागरिक होऊ शकत नाही. मग सरकारने एकेकाचे नागरिकत्व काढून घेण्याचा सपाटा लावला आणि पंडितांवरही दावा केला. पंडितांचे म्हणणे असे की, एकदा न्यायालयाने सर्व पाहून दिलेल्या कागदावर मी माझा संसार, व्यवसाय आणि घर उभे केले. आता तो कागद काढता येणार नाही. १९२६ साली ते अपिलात जिंकले, १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे गाऱ्हाणे ऐकायचे नाकारले आणि उरलेल्यांवरचे दावे सरकारने सोडून दिले. असे लढावे लागते, असे मला सुचवायचे होते.

आक्काने सर्व नीट ऐकले. "त्या गृहस्थांचे घर तिथे होते," ती म्हणाली, "म्हणून ते भांडले. माझे घर हे आहे."

श्रीकांतला हे सांगण्याचे काम माझ्यावर आले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, रात्री तिला काही झाले तर मला पोहोचायला दोन दिवस लागतील. हे तिला सांगितलेत का?" सांगितले होते. तिचे उत्तर असे की, दाजी गेले तेव्हा ती शेजारच्याच खोलीत होती आणि तिलाही पोहोचता आले नव्हते. हे मी त्याला सांगितले नाही. मला अजून वाटते की, त्या पोराची बाजू कमी खरी नव्हती. अर्ज भरावा असेच माझे मत होते, आणि वकील म्हणून आजही आहे.

कार्ड परत करण्याचा एक फॉर्म असतो, आय-४०७. तो टपालाने पाठवता येतो. त्याला फी नाही. घेण्याच्या प्रत्येक पायरीला फी भरून मी इतका सरावलो होतो की, सोडायला फी नाही हे दोनदा वाचून पाहिले.

मग पाहुणीचा व्हिसा. आणि येथे कायद्याने जी कोलांटी मारली ती पाहून मला हसू आवरेना. तोपर्यंत आक्काने सिद्ध करायचे होते की, आपले घर अमेरिकेत आहे. आता तिने सिद्ध करायचे की, आपले घर अमेरिकेत नाही. कायद्याचे गृहीतच असे की, पाहुणा म्हणून येणारा प्रत्येक जण राहायला येतो आहे. तसे नाही हे दाखवण्याचा भार त्याच्यावर. जो पंचनामा मी तिचा नाइलाज दाखवायला जपला होता, तोच आता तिचा जिव्हाळा दाखवायला उपयोगी पडणार होता. २०२२ साली अर्ज केला तेव्हा मुंबईच्या मुलाखतीची तारीखच वर्षापुढची मिळाली.

वांद्र्याच्या त्या कचेरीत मराठीतून मुलाखत देता येते. बाहेर मी छातीत धडधड घेऊन उभा होतो. ग्रीन कार्ड होते ते का सोडले, असे साहेबाने विचारले. ही म्हणाली, "मला मुलाला भेटायचे आहे, त्याच्याकडे राहायचे नाही." सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टी, पुराचे फोटो, काही काही त्याने पाहिले नाही. दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. इतक्या खटपटीने जुळवलेले कागद कोणी न पाहता परत यावेत याचे मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात ती गेली. प्रत्येक खेपेला आत शिरताना किती दिवस राहता येईल ते तिथला अधिकारी ठरवतो, व्हिसा दहा वर्षांचा असला तरी. तिला सहा महिने मिळाले. ती पाच महिन्यांत परतली. कुरडयांचे दिवस जात होते.

गेल्या दिवाळीत श्रीकांत आला. आल्या आल्या त्याने एक निळे पुस्तक माझ्यापुढे ठेवले. परदेशस्थ भारतीय नागरिकाचे म्हणतात ते ओसीआय कार्ड. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून २००५ पासून ही सोय आहे. मत देता येत नाही, व्हिसाही लागत नाही. तो म्हणाला, "मामा, तासगावच्या शेताच्या सातबाऱ्यावर माझे नाव राहील ना? मी आता परदेशी."

मी त्याला सांगितले, शेतजमीन तुला विकत घेता येणार नाही, वारसाने आलेली मात्र ठेवता येते. त्यासाठी दाजींच्या मृत्यूनंतरची वारसनोंद पाहावी लागेल, तुझ्या जन्माचा दाखला लागेल, आणि तुझ्या तिकडच्या पासपोर्टावर नाव लिहिले आहे तसे इकडच्या शाळेच्या दाखल्यावर नाही, सबब दोन्ही नावांचा इसम एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र लागेल.

आक्का आतून म्हणाली, "त्याला आधी जेवू दे."