पेंद्याचे काम

नामदेवांची नर्सी कळमनुरीपासून जवळच, त्यामुळे बाळक्रीडा, काला, गौळण यांची ओळख या भागाला करून द्यावी लागत नाही. तमाशातल्या गौळणीत मथुरेच्या बाजाराची वाट कृष्ण अडवतो, पण हशा पिकतो तो पेंद्यावर आणि मावशीवर. कृष्ण नुसता उभा असतो म्हणा ना! मूकपटांतल्या विनोदाचा हिशेबही असाच मांडावा, असे माझे म्हणणे आहे. श्रेय नायकाच्या खात्यावर जमा होते. राबतो दुय्यम नट. फाळक्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची चिमुरडी मंदाकिनी कृष्ण झाली. लोणी चोरणे, खोड्या काढणे सगळे तिचे. पण गवळणीचा चिडलेला चेहरा दिसेपर्यंत कुठलीही खोडी अर्धीच. त्यात पडदा मुका. पेंद्याचे बोबडे बोल गेले, मावशीच्या तोंडाचा पट्टा थांबला. उरले फक्त दचकणे, फसणे आणि हातवारे करत अंगावर धावून जाणे.

चॅप्लिनच्या बाबतीत तर हे मोजून दाखवता येते. १९१६-१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी त्याने केलेल्या १२ लघुपटांपैकी ११ मध्ये एरिक कॅम्पबेल हा आडदांड नट आहे. 'ईझी स्ट्रीट'मध्ये तो ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसचा खांब वाकवतो आणि चार्ली त्याच दिव्यात त्याचे डोके कोंबून गॅस सोडतो. गंमत चार्लीची खरी, पण खांब वाकवला कोणी? डिसेंबर १९१७ मध्ये कॅम्पबेल मोटार अपघातात गेला आणि पडद्यावरची जेमतेम दोन वर्षांची कारकीर्द संपली. जागा मात्र रिकामी ठेवून चालले नाही. १९२५ च्या 'द गोल्ड रश'मध्ये मॅक स्वेन हा दुसरा धिप्पाड गडी भुकेने वेडावतो, म्हणूनच चार्ली कोंबडा दिसू लागतो.

कोणी म्हणेल, 'कालिया मर्दन'च्या सुरुवातीला मंदाकिनी एकटीच चेहऱ्यावरचे भाव दाखवते, तिथे कुठला पेंद्या? खरे आहे, पण तिथे आपण कौतुक करतो, हसत नाही. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा: कॅम्पबेल नसलेला तो बारावा लघुपट, 'वन ए. एम.', त्यात चॅप्लिन जवळजवळ एकटा आहे आणि तरीही हसू आवरत नाही. पण तो खरेच एकटा आहे का? भिंतीत मिटणारा एक पलंग त्याच्याशी उभा दावा मांडतो. उघडायला गेले की उघडत नाही, उघडलाच तर मिटून घेतो, बसू देत नाही, झोपू देत नाही. माणूस नाही म्हणून लाकूड-लोखंडाला कामाला लावले आहे, आणि तेही कॅम्पबेलइतकेच गंभीरपणे अडून बसते. चार्ली शेवटी हात टेकतो आणि न्हाणीघरातल्या टबात जाऊन झोपतो.